केप कॉडचं लाकडी छप्पर गुहागरला टिकेल का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

पुण्यात राहणाऱ्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. सासरचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून साधारण चारशे मीटरवर. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मंगळुरी कौलं, साग आणि ऐनाचे वासे. घराचं वय नव्वदीच्या आसपास. वर्षातले आठ-नऊ महिने ते बंद असतं. माकडांनी कौलं फोडली, २०२१ च्या तौक्ते वादळात छपराची एक बाजू उघडी पडली आणि पश्चिमेकडचे काही वासे कुजले.

मुलगा अमेरिकेत बॉस्टनजवळ राहतो. त्याच्याकडे गेल्यावर बाईंनी तिथल्या केप कॉडच्या किनाऱ्यावरची, पातळ लाकडी चिपांनी मढवलेली रुपेरी घरं पाहिली. शंभर-शंभर वर्षांची, थेट समुद्राच्या तोंडावर. तेव्हापासून आपल्या घराला तसंच करायचं मनात आहे. मुंबईतल्या एका पुरवठादाराने कॅनडाहून येणाऱ्या उत्तम प्रतीच्या सीडर लाकडाचा भाव दिला आहे: छपरावर शिंगल, म्हणजे तशाच पातळ चिपा, भिंतींना बाहेरून फळ्या. निवृत्तीच्या पैशांचा मोठा वाटा त्यात जाईल. यजमान म्हणतात, रंगीत पत्रा घालून मोकळे होऊ. गावातच राहणारे धाकटे दीर म्हणतात, ‘वाळवीला मेजवानी.’ बाईंचा प्रश्न असा: एकदाच चांगलं लाकूड घेतलं तर पुढची पन्नास वर्षं बघावं लागणार नाही ना? आणि तसं नसेल तर पत्र्यावाचून पर्याय नाही का?

उत्तर

नमस्कार ताई,

दिरांचं म्हणणं अर्धंच खरं आहे, तिथून सुरुवात करते. तुमच्या घराचे वासे त्याच समुद्राशेजारी, त्याच वाळवीच्या गावात नव्वद वर्षं उभे राहिले. कुजले ते पश्चिमेकडचे, आणि तेही कौलं फुटून पाणी आत यायला लागल्यावर. म्हणजे लाकूड कोकणात टिकतं. ते छपराच्या खाली टिकतं. तुम्ही मात्र त्याला छपराच्या वर न्यायचं म्हणताय. माझा सगळा सल्ला या फरकावर उभा आहे.

समुद्राजवळच्या लाकडाबद्दल बोलताना पहिला आरोप खाऱ्या वाऱ्यावर होतो. प्रत्यक्षात मीठ लाकडाचं फारसं बिघडवत नाही. फार तर वरचे तंतू पिंजारतात. मीठ खातं ते लोखंड: खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, पत्र्याचे हूक. फळी शाबूत आणि खिळा गंजून गळालेला, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात दिसेल. लाकूड संपवतात त्या बुरशी आणि वाळवी, आणि बुरशीला लागते ती साठून राहिलेली ओल. लाकडातली ओल वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिली तर ती कुजवणारी बुरशी काही करू शकत नाही. पण कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते, तेव्हा पावसाचा थेंबही न लागलेलं लाकूड नुसत्या हवेतूनच १८-२० टक्क्यांपर्यंत ओल घेतं. हातात राखीव काहीच उरत नाही. त्यावर पाऊस पडला आणि वाळायला चार महिने ऊनच नसलं, की पुढचं सांगायला नको.

आता केप कॉड. तिथे वर्षभरात साधारण ११००-१२०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, तोही बारा महिन्यांत विभागून. आपल्या रत्नागिरी किनाऱ्यावर एकट्या जुलैत हजाराच्या आसपास पडतो. तिथे हिवाळ्यात सगळं गोठतं आणि बुरशी, कीड, वाळवी यांना सक्तीची सुट्टी मिळते. इकडे त्यांना सुट्टीच नाही. तुम्हाला आवडलेला रुपेरी रंगही मुळात त्या हवेची देणगी आहे. उन्हाने लाकडाचा वरचा थर सुटतो, पाऊस तो धुऊन नेतो, वारा लगेच वाळवतो आणि खाली राखाडी तंतू उरतात. तेच लाकूड उष्ण-दमट हवेत ठेवलं तर त्यावर आधी काळे ठिपके येतात, मग हिरवं शेवाळ. गावातल्या जुन्या कुंपणाच्या फळ्या श्रावणात बघा, तुमच्या भिंतींचा पुढचा रंग कळेल.

आणि ती शंभर वर्षं? घरं शंभर वर्षांची आहेत, चिपा नाहीत. तिथेही छपरावरच्या शिंगल साधारण वीस-तीस वर्षांनी बदलतात, भिंतीवरच्या थोड्या जास्त टिकतात. मुलाच्या शेजाऱ्यांनाच विचारून बघा. घर जुनं दिसतं कारण दर पिढीत कुणीतरी त्यावर पैसे आणि उन्हाळा खर्च केलेला असतो. (न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर घर असलेल्या मराठी वाचकांनी माझं उत्तर उलटं वाचावं. तिथे सीडर बिनधास्त वापरा. तिथले सुतार, तिथले नियम आणि तिथली हवा तुमच्या बाजूने आहेत.)

पुरवठादाराने ‘उत्तम प्रत’ म्हटलं ते बहुतेक खोटं नसेल. सीडरच्या शिंगलमध्ये खरोखर प्रतवारी असते. पहिल्या प्रतीत सगळं लाकूड गाभ्याचं, उभ्या चिरेचं (वाढीची वलयं चिपेच्या पृष्ठाला काटकोनात येतील असं कापलेलं) आणि बिनगाठीचं लागतं. त्याचे फायदे खरे आहेत: ते कमी वाकतं, कमी तडकतं. वेस्टर्न रेड सीडरच्या गाभ्यात बुरशीला मारक द्रव्यंही असतात. पण प्रत लाकडाची आहे, तुमच्या हवेची नाही. ती द्रव्यं वर्षानुवर्षांच्या पावसात धुऊन जातात, पातळ चिपेतून तर लवकरच. वाळवीच्या बाबतीत हे लाकूड बेभरवशाचं आहे. आपल्या सागाच्या गाभ्याशी त्याची बरोबरी नाही. शिवाय त्याच द्रव्यांमुळे साधा किंवा गॅल्व्हनाइज्ड खिळा लवकर गंजतो आणि त्याच्याखाली काळे ओघळ उतरतात.

पत्रात ‘पुढे बघावं लागणार नाही’ हे शब्द दोनदा आले आहेत, म्हणून तुम्हालाच विचारते: जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या घरात कोण असतं? छपरावर आंब्याचा पाला साचला तर कोण काढणार? पश्चिमेच्या कोपऱ्यात वाळवीने मातीची वाट चढवली तर ती कोणाच्या नजरेला पडणार? कोकणातलं घर दर वर्षी बघावंच लागतं. मे महिन्यातली शाकारणी (छपराची पावसाआधीची डागडुजी), पडवीला लावायच्या नारळाच्या झापांच्या झड्या, हे सगळं देखभालीचं वेळापत्रकच होतं, फक्त ते कागदावर नव्हतं. बंद घराला सगळ्यात कमी मानवतं ते नाजूक, महाग आणि रोज नजर मागणारं आवरण. ज्यांच्या नजरेखाली ते घर आहे ते धाकटे दीर तुमच्या पत्रात एकदाच येतात, तेही टिंगल करण्यापुरते. सीडरचा भाव काढण्याआधी त्यांना विश्वासात घेतलं होतं का? नसेल तर त्या ‘मेजवानी’त थोडा राग असावा असा माझा अंदाज आहे.

छपराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सीडर नको. ओल आणि वाळवीखेरीज माझ्यापाशी आणखी दोन कारणं आहेत. एक, वणवा. जानेवारीनंतर सड्यावरचं (गावामागच्या कातळपठारावरचं) गवत पेटतं आणि ठिणग्या वाऱ्याने कुठवर येतात हे दीर सांगतील. बिनप्रक्रियेच्या लाकडी चिपांचं वाळलेलं छप्पर म्हणजे त्यांना आमंत्रण. कॅलिफोर्नियासारख्या वणव्याच्या मुलखात अशा छपरांवर कडक निर्बंध आहेत. दुसरं, माकडं. कौल ती फोडतात, पण फुटलेलं कौल दहा मिनिटांत बदलता येतं आणि तालुक्याला मिळतं. उचकटलेल्या चिपेसाठी तुम्ही कॅनडाला कळवणार का?

मग यजमानांचा पत्रा? नुसता पत्राही नको. दुपारी घर तापेल, पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही. आणि किनाऱ्यावर पत्र्याच्या आधी त्याचे स्क्रू गंजतात. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं तेव्हा कितीतरी पत्रे वाऱ्याने उचलून नेले. पण यजमानांच्या मनातली काळजी, छप्पर गळायला नको, ती रास्त आहे. तिचा मेळ तुमच्या आवडीशी घालता येतो, आणि हल्ली कोकणात बरीच मंडळी तसंच करतात: खाली पत्रा, वर कौलं. वाशांवर पत्रा, त्यावर उतारात उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा (कौलं टेकायच्या लाकडी पट्ट्या) आणि रिपांवर मंगळुरी कौलं. माकडाने कौल फोडलं तरी पाणी खालच्या पत्र्यावरून उभ्या पट्ट्यांच्या मधून बाहेर जातं. कौलांमुळे पत्रा तापत नाही, वाजत नाही आणि वाऱ्याच्या थेट तावडीत सापडत नाही. मात्र रिपा थेट पत्र्यावर आडव्या ठोकू देऊ नका. पाणी आणि पाला तिथेच अडतो आणि पाच-सात वर्षांत पत्र्याला भोकं पडतात. मिस्त्री उभ्या पट्ट्या वाचवायला बघतो. तिथे उभं राहा, किंवा दिरांना उभं करा. आढ्यावरची आणि कडेच्या दोन-तीन ओळींची कौलं गंजरोधक तारेने बांधून घ्या. वादळात वारा आधी कडेलाच हात घालतो.

मंगळुरी कौल ‘साधं’ वाटतं म्हणून नाक मुरडू नका. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून हे कौल याच किनाऱ्यावर, याच पावसात परीक्षा देत आलं आहे. एकेक कौल अडीच-तीन किलोचं असतं, त्यामुळे खालचे वासे दमदार हवेत. कुजलेले वासे बदलताना सुताराकडून प्रत्येक वाशाचं टोक टोचून तपासून घ्या. कूज बहुधा टोकाला, भिंतीत शिरतो तिथे असते, आणि मधला वासा ठणठणीत असतो. सगळे काढून टाकायला कंत्राटदार तयारच असतो.

आता लाकडावरचं तुमचं प्रेम आणि त्यासाठी बाजूला काढलेले पैसे. ते मला वाया घालवायचे नाहीत. ते आत आणा. पत्र्याखाली, वाशांच्या वर सागाच्या किंवा फणसाच्या फळ्यांची तक्तपोशी (लाकडी छत) करून घ्या. ओटीवर पडल्या पडल्या वर लाकूड दिसेल. पडवीचे खांब, कठडा, दारं-खिडक्या आणि छपराखालच्या त्रिकोणातल्या उभ्या फळ्या, या सगळ्या जागा वळचणीच्या आत येतात. केप कॉडला लाकूड बाहेरून दिसतं, कोकणात ते आतून दिसतं. तुमच्या सुनेला कदाचित हेच जास्त आवडेल.

लाकूड घेताना ‘बर्मा टीक’ या नावावर जाऊ नका. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. त्या नावाने काय विकलं जातं ते विक्रेत्याच्या कागदांवरच तपासा. मोडलेल्या वाड्यांचा, जुन्या घरांचा साग आणि ऐन मिळतो, तो पूर्ण वाळलेला आणि बहुतेक गाभ्याचा असतो. मी असते तर आधी तिकडे गेले असते. नव्या सागात कडेचा फिकट भाग वाळवी आवडीने खाते, म्हणून फळीत तो किती आहे ते पाहूनच पैसे द्या. स्वतःच्या आवारातलं झाड तोडणार असाल तर आधी वनखात्याची परवानगी. आपल्या जमिनीतलं झाड असलं तरी ती लागते.

आतल्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया चांगली. ती पाण्यात विरघळते, म्हणून पावसात उघड्यावर निरुपयोगी, पण छपराखाली उत्तम. नुसतं जवसाचं तेल फासू नका, दमट हवेत बुरशीला ते खाद्यच होतं. काजूच्या टरफलांचं तेल हा आपल्याकडचा जुना उपाय अजूनही कामाचा आहे. फक्त ते कातडी भाजतं, लावणाऱ्याला हातमोजे द्या.

भिंतींना बाहेरून सरसकट फळ्या मारायच्या बेताला मात्र माझा विरोध छपराइतकाच आहे. चिरा सच्छिद्र असतो. तो पावसात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. त्यावर फळ्या चिकटवल्या की ते पाणी कोंडेल आणि फळ्या मागच्या बाजूने, न दिसता कुजतील. वाळवीही त्याच आडोशाने वर चढेल. आत्ता चिऱ्यावर मातीची वाट दिसली तर झाडूने मोडता येते, फळीमागची दिसणारच नाही. पश्चिमेची भिंत झिरपत असेल तर सिमेंटचा गिलावा न करता चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) चुन्याने भरून घ्या आणि वळचण तीन-साडेतीन फूट बाहेर काढा. पावसाची झड अडवायला याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

तरीही एखाद्या भिंतीला, समजा पूर्वेकडच्या किंवा पडवीतल्या, फळ्या हव्याच असतील तर करा. भिंतीवर आधी उभ्या पट्ट्या, त्यावर फळ्या, म्हणजे मागे इंचभर मोकळी हवा खेळेल. खाली-वर ती जागा उघडी ठेवून बारीक जाळी लावा. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून दीड फूट वर, पागोळ्यांचं शिंतोडं तिथवर पोचतं. फळी लावण्याआधी सहाही बाजूंनी तेल, विशेषतः कापलेल्या टोकांना, कारण पाणी टोकातूनच शिरतं. वरून चकचकीत पॉलिशचा थर नको. उन्हाने तो फुटतो आणि त्याखाली पाणी अडकतं. रंगद्रव्य असलेलं, आत मुरणारं तेल घ्या आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावायची तयारी ठेवा. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ समुद्राजवळ डागाळतं. दुकानदार काहीही म्हणो, खिशात चुंबक घेऊन जा. स्क्रू त्याला घट्ट चिकटला तर परत ठेवा. मात्र ३०४ आणि ३१६ मधला फरक चुंबकाने कळत नाही. ‘थर्मोवूड’ नावाने भट्टीत भाजलेलं पाइनही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. सुमारे २०० अंशांवर भाजलेलं हे लाकूड कमी फुगतं, कमी कुजतं, पण वाळवीपासून सुरक्षित नाही. विक्रेते कुजण्याबद्दल बोलतात आणि वाळवीबद्दल गप्प बसतात.

कुणी वाचक सीडरचं छप्परच घालायचं ठरवून बसले असतील, अलिबागकडच्या बंगल्यांसाठी अशी पत्रं मला येतात, तर त्यांनी निदान एवढं पाहावं: कारखान्यात दाबाने रसायन मुरवलेल्याच चिपा घ्या, वरून फासलेलं रसायन चालणार नाही. चिपा प्लायवर थेट न ठोकता मोकळ्या रिपांवर लावा, खालून हवा लागली पाहिजे. उतार ३० अंशांच्या आसपास ठेवा, १८ अंशांहून कमी तर कधीच नको. १६ इंची चीप फक्त ५ इंच उघडी दिसावी, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तीन थर येतात. पुरवठादार चिपा वाचवायला ती जास्त उघडी ठेवायला सांगेल. आढ्यावर तांब्याची पट्टी लावा, तिच्यावरून ओघळणाऱ्या पाण्याने शेवाळ कमी धरतं. त्या छपराचं पाणी पिण्यासाठी साठवू नका. आणि पावसाळ्यात घरात माणूस हवा.

कागदपत्रांचं एक राहिलं. तुमचं घर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत येत असावं, म्हणजे सागरी किनारा नियमनाच्या पट्ट्यात. आहे त्या जोत्यावर, आहे तेवढ्या क्षेत्रात दुरुस्ती करणं आणि पडवी वाढवणं यात कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. वळचण वाढवण्याआधी ग्रामपंचायतीत लेखी विचारून घ्या.

तुमचा पुरवठादार कदाचित ऐकणार नाही, म्हणेल आमचं लाकूड वेगळं. वाद घालू नका. त्याच्याकडून हातभर लांबीचे दोन नमुने मागा, तेवढेच सागाचे दोन तुकडे घ्या आणि एप्रिलमध्ये दिरांच्या घराला ठोकून ठेवा, एक जोडी पश्चिमेला, एक पूर्वेला. प्रत्येक तुकड्याला साधे दोन खिळे, ३१६ चे दोन स्क्रू. दिवाळीला जाल तेव्हा चारही काढून मागची बाजू बघा, चाकूचं टोक रुतवून बघा. एक पावसाळा थांबल्याने तुमचं काही बिघडत नाही. उघड्या बाजूवर तोवर चांगली ताडपत्री टाका, कुजलेल्या वाशांना टेकू द्या आणि पुरवठादाराला आगाऊ रक्कम देऊ नका.